टोकाला काही नाही

गळ टाकून बसणाऱ्या माणसाइतका खोटारडा माणूस शोधून सापडायचा नाही. चांगली जागा मिळाली की त्याच्या तोंडाला कुलूप. खाडीकाठच्या पक्षी अभयारण्यात येणारे हौशी मासेमार सगळे याच माळेचे मणी, आणि त्यांतले मेरुमणी म्हणजे शिंपी आणि त्याचा थोरला भाऊ.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. अर्धांगवायूनं त्याचा डावा पाय गेला होता. तेव्हापासून दर रविवारी शिंपी त्याला गाडीत घालून फाटकातून आत नेई, बांधावरच्या कच्च्या रस्त्यानं थेट टोकापर्यंत. तिथं खुर्ची मांडायची, दादाला काखेत धरून बसवायचं आणि हातात गळ द्यायचा. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस तिथं बसला की शिव्या द्यायला लागे, हसायला लागे. ओहोटी लागली की टोकाच्या खडकांपाशी चांगले हातभर मासे येत. हे गुपित लहानपणी दादानंच धाकट्याला दिलं होतं, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून.

परतताना फाटकावरचा रखवालदार विचारी, "काय मिळालं?" फाटकाशी एक फळा होता. मासा कुठं लागतोय, पाणी कसं आहे, कुठला रस्ता उघडा आहे, हे तो बिचारा लोकांना विचारून विचारून खडूनं त्यावर लिही.

"काही नाही हो," शिंपी म्हणे. "नुसतं ऊन खाऊन आलो."

टोपली दादाच्या पायांपाशी असे, वरून त्याची शाल. एकदा शालीखाली मासा फडफडला. रखवालदार टक लावून बघायला लागला, तसा दादा कळवळून म्हणाला, "पायाला झटके येतात हो!" तो भला माणूस "जपा, आजोबा" म्हणाला आणि धावतपळत फाटक उघडायला गेला. पुढच्या वळणावर दोघे भाऊ इतके हसले की गाडी थांबवावी लागली.

टोकाला जाणारे बाकीचेही तेच सांगत. त्यामुळे फळ्यावर कायम एकच ओळ असे: टोकाला काही नाही.

मग एका रविवारी रखवालदारानं गाडीच्या खिडकीवर हात ठेवला.

"काका, आज जरा खरं सांगा. पक्ष्यांची घरटी वाढलीत. दोनपैकी एक रस्ता गाड्यांना बंद करायचाय. जिकडे मासा लागत नाही तोच करू, असं साहेब म्हणतात. टोकाला काही मिळतं का?"

चोराच्या मनात चांदणं. शिंप्याला वाटलं, जागा काढून घ्यायला बेट्यानं चांगलं आमिष लावलंय. "छे! शेपूटसुद्धा नाही," तो म्हणाला.

वाटेत दादा म्हणाला, "सांगायला हवं होतं का रे?"

"असल्या युक्त्या मी कोळून प्यायलोय. तू गप बस."

टोपली त्या दिवशी चांगली जड होती.

पुढच्या रविवारी टोकाच्या रस्त्याला साखळी लागलेली होती. पायी जायला मुभा, पण गाडी नाही. आणि दादाला दारापर्यंत न्यायलाही कुणीतरी धरावं लागे.

शिंपी रखवालदाराकडे धावला. "मी खोटं बोललो. टोकाला मासे आहेत, रग्गड आहेत!"

"तेव्हा खोटं बोललात, का आज बोलताय?" रखवालदार रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. "साखळी लागल्यापासून सगळे हेच सांगत येताहेत, काका. लांडगा आला रे आला, असं झालंय तुमचं. आणि आता तर पक्ष्यांनी चाकोरीतच अंडी घातलीत. मी तरी काय करू?"

शिंप्यानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही भावाच्या पायावर. गाडीत परत बसताना त्याला रडू आवरेना. दादा एवढंच म्हणाला, "चल, तळ्यावर तरी बसू." चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तळं फाटकाजवळच होतं. पाणी गढूळ, मासे बोटाएवढे. दादा गळ धरून बसला, पण त्याची नजर दूर टोकाकडेच होती. तेवढ्यात नवी कोरी काठी घेऊन एक तरणाबांड गडी आला.

"काय काका, इथं कुठं लागतं?"

शिंप्यानं सवयीनं मान फिरवली. दादा मात्र बोलला.

"इथं नको बसू. साखळी ओलांडून टोकाला जा. काळा खडक दिसेल, त्याच्या डाव्या अंगाला. ओहोटी लागायला आलीये. गळ लांब टाकू नकोस, अगदी खडकाला लागून सोड."

जन्मभर राखलेलं गुपित दादानं एका दमात देऊन टाकलं.

त्या गड्यानं मागं वळून फळ्याकडे बघितलं आणि तो हसला. "चांगली फिरकी घेता, आजोबा. एवढी पायपीट करायला लावता होय?"

"अरे, जा बाबा," दादा काकुळतीला आला. "तुला पाय आहेत." मग त्यानं भावाकडे पाहिलं. "तू तरी सांग रे त्याला."

"खरं बोलतोय तो," शिंपी म्हणाला. "देवाशप्पथ खरं."

गड्यानं डोळा मिचकावला, दादाच्या शेजारी ऐसपैस बसला आणि आपला गळ तळ्यात सोडला.