श्रीहरीचे तीन सेकंद

श्रीहरी गड्डम एकोणीस वर्षं पाच वर्षांचाच राहिला, कारण त्याची फाइल बंद झाली नव्हती.

तो पहिल्यांदा सोलापुरातल्या एका संस्थेत आला तेव्हा नंदिनी हत्तुरे अजून डॉक्टर झाली नव्हती. स्वमग्न मुलांच्या वर्तनावर ती पीएच.डी. करत होती आणि श्रीहरी तिच्या यादीतला सातवा मुलगा होता. त्याच्या तक्त्यावर एकच उद्दिष्ट होतं : समोरच्याच्या डोळ्यांत सलग तीन सेकंद पाहणे. मार्गदर्शक सरांनी तिला बजावलं होतं, "उद्दिष्ट गाठल्याशिवाय फाइल बंद करायची नाही. आणि फाइल उघडी आहे तोवर मुलाचं वय बदलू द्यायचं नाही, निष्कर्ष बिघडतात." नंदिनीने ते वहीत उतरवून घेतलं होतं.

दर गुरुवारी अकरा वाजता श्रीहरीची आई अनसूया त्याला घेऊन यायची. टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाईला होती. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकायची. नंदिनी लिमलेटची गोळी स्वतःच्या दोन भुवयांच्या मधोमध धरायची. श्रीहरी गोळीकडे बघायचा, मग नजर तिच्या डोळ्यांवर घसरायची आणि ती स्टॉपवॉच दाबायची. एक सेकंद. कधी दीड. की लगेच तो मान वळवून तिच्या मनगटावरच्या घड्याळाला कान लावायचा आणि दहा-दहा मिनिटं तसाच राहायचा, डोळे मिटून, अगदी निवांत. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. नंदिनी त्याचं डोकं हलकेच उचलून सरळ करायची आणि दुसरी गोळी सोलायची.

बाकीच्या मुलांचे तीन सेकंद भरले. त्यांच्या फाइली बंद झाल्या, ती शाळेत गेली, उंच झाली. श्रीहरी दोन पूर्णांक आठवर अडकला. गोळी बदलून पाहिली, खोलीचा रंग बदलला, नंदिनीने चष्मा काढून पाहिला. दोन पूर्णांक आठ. एकदा तिने चिडून स्टॉपवॉच भिंतीवर मारलं. काच फुटली, आकडा तोच राहिला.

"वय न बदललेला मुलगा देशात दुसऱ्या कुणाकडे नाही," संस्थेचे संचालक म्हणायचे. ते खरंच होतं. श्रीहरीवरच्या निबंधांच्या जोरावर नंदिनी व्याख्याती झाली, मग विभागप्रमुख. तिला तीन शाली आणि दाराला पितळी पाटी मिळाली. परिषदांमध्ये लोक उठून टाळ्या वाजवत, आणि ती खुर्चीत परत बसताना मनाशी म्हणायची, शून्य पूर्णांक दोन सेकंदांसाठी माझं सगळं तरुणपण गेलं.

अनसूयाचं वय मात्र कुणी थांबवलं नव्हतं. केस पिकले, गुडघे गेले. ती श्रीहरीला हैदराबादला दाखवून आली. तिथल्या डॉक्टरांनी त्याची उंची मोजली आणि सांगितलं, आधीची फाइल बंद करून आणा.

एका गुरुवारी ती खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी गेल्यावर ह्या पाच वर्षांच्या पोराला कोण बघणार?"

"असं का बोलता?"

"खरं ते बोलले. मोठा झाला असता तर थोडं तरी निभावलं असतं की त्यानं. टिक करून टाका ना तुम्ही. तुमचंच तर पेन आहे."

नंदिनीने टिक केली. आयुष्यातली पहिली खोटी टिक होती ती. पुढच्या गुरुवारी चौकोन कोरा होता. तिने पुन्हा केली, दाबून केली. कागद फाटला, त्याच्या पुढच्या गुरुवारी फाटलेलंही जुळून आलं होतं.

त्याच महिन्यात गौतमी आली. एकोणीस वर्षांपूर्वीच्या यादीत ती तिसरी होती. आता ग्रंथालयात नोकरीला होती. तिला एका दाखल्यावर सही हवी होती. सही होईपर्यंत तिने नंदिनीच्या डोळ्यांत पाहिलं, न चुकता, पापणी न हलवता.

"छान," नंदिनी म्हणाली. "अजून जमतं तुला."

"हो मॅडम, सगळ्यांशी करते. फक्त त्या वेळी समोरचा काय बोलतो ते मला ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही ते विचारलं नव्हतं."

नंदिनी त्या दिवशी जेवली नाही. दुपारी ती संचालकांकडे गेली आणि म्हणाली, "श्रीहरीचं उद्दिष्ट मला खोडायचंय."

"खोडा. पण मग एकोणीस वर्षांचं काम खोडलं जाईल, एवढं ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "आणि निबंध परत घ्यावे लागतील."

"घेते."

गुरुवारी अकरा वाजता तिने अनसूयाच्या देखत तक्ता काढला आणि त्या एकुलत्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ पुसली गेली नाही. श्रीहरी तिच्या घड्याळाला कान लावून बसला होता. या वेळी तिने त्याचं डोकं उचललं नाही.

थोड्या वेळाने त्याच्या गुडघ्यांनी टेबल वर उचललं गेलं.

"खुर्ची लहान आहे," तो म्हणाला. वाक्य सुरू झालं तेव्हा आवाज मुलाचा होता, संपलं तेव्हा पुरुषाचा.

अनसूयाने पिशवीतून शर्ट-पँट काढली. दर दिवाळीला ती अंदाजाने त्याचं नवं माप धरून कपडे शिवायची. हे चोविसाव्या वर्षाचे होते. तिने त्याला ते चढवले, गुंड्या लावल्या. बाही बरोबर मनगटावर आली. ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून रडली. नंदिनीचेही डोळे भरले. इतक्या वर्षांत असं काही बरोबर आल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग बाही मनगटावरून वर सरकायला लागली.

"मॅडम," अनसूया म्हणाली, "हा थांबतो कुठं?"

नंदिनीने तक्ता उलटसुलट केला. मागची बाजू कोरी होती; वय कुठे थांबवायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

श्रीहरीच्या कानाजवळ पांढरं दिसू लागलं. त्याने दोघींकडेही पाहिलं नाही. दार उघडून तो जिन्याने खाली निघाला. एकेक पाऊल आधीच्या पावलापेक्षा जड पडत होतं. अनसूया कठडा धरून त्याच्या मागे निघाली, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत, त्याला नावाने हाका मारत. नंदिनी वरच उभी राहिली.

जिना बावीस पायऱ्यांचा होता. अनसूया शेवटच्या पायरीवर पोचून थांबली. तिच्यासमोर सपाट फरशी होती आणि त्या फरशीखालून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, अजून उतरतच.