धाकटीची गाठ

दोन सख्ख्या जावा एकाच मशीनवर कामाला आणि तरी भांडण नाही, ही गोष्ट लॉन्ड्रीतल्या बायकांना पचतच नसे. थोरली रोलरच्या उजव्या टोकाला, धाकटी डाव्या. हॉटेलांच्या ओल्या चादरी दोघींनी कोपरे धरून तापलेल्या रोलरखाली सरकवायच्या, की पलीकडून कडक होऊन बाहेर. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि धाकटीचा नवरा असून नसल्यासारखा. घर चालायचं ते या दोघींच्याच जिवावर. धाकटीची पोरगी तर थोरलीलाच आई म्हणायची.

धाकटी डावखुरी. तिची गाठ उलटी पडायची आणि एकदा बसली की बसली. गाठोडी बांधायची तिनं आणि सोडताना घाम निघायचा थोरलीचा. "अगं बाई, गाठ मारतेस की सूड उगवतेस?" थोरली करवादायची आणि मग दोघी खिदळत सुटायच्या.

रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी होती. बोटं फार पुढे गेली की दांडीला लागायची आणि रोलर जागीच थांबायचा. सोय चांगली होती, पण चादरीची जाड किनार लागली तरी मेला थांबायचाच. त्या दिवशी थोरली वाळवणाच्या खोलीत गेली होती, तेवढ्यात मुकादम आला आणि धाकटीवर खेकसला, "सारखं काय थांबतंय? बांधून टाक ती दांडी वर!" धाकटीनं फाटक्या अभ्र्याची चिंधी घेतली आणि दांडी बांधून टाकली.

थोरली परत आली. सांगायचं धाकटीच्या ओठावर होतं, अगदी ओठावर. तेवढ्यात चादरीला चुणी पडली. दांडी आहेच, या भरवशावर थोरलीनं नेहमीसारखा हात पुढे घातला.

पुढचं सांगवत नाही. उजवा हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात धाकटी ऊर फुटेस्तोवर रडत होती. थोरली गुंगीतच पुटपुटली, "रडू नकोस गं वेडे. माझंच चुकलं." रडणाऱ्या माणसाला आपण असंच तर म्हणतो! पण दारात मुकादम उभा होता आणि त्यानं तेवढंच नेमकं कानात साठवलं. दांडी बाईनंच बांधली, तसं ती स्वतः म्हणाली, असं त्यानं मालकाला सांगितलं. झालं, भरपाई अडकली.

चार महिने धाकटीनं खरं काय ते मनातच दाबून ठेवलं. सुनावणीच्या दिवशी मात्र तिनं मनाशी पक्कं केलं. आज बोलायचं, मग काय व्हायचं ते होवो.

भरपाईच्या कचेरीतले साहेब बरे होते. त्यांनी शांतपणे समजावलं, "बाई, दांडी तुम्ही स्वतः बांधली असेल, तर माझे हात बांधलेले आहेत. दुसऱ्या कुणी बांधली असेल, तर भरपाई मिळेल. मात्र त्या माणसाची नोकरी जाईल, वर पोलिसांत केसही होईल. बोला, कुणी बांधली?"

धाकटी उठली. "साहेब, ती दांडी..."

"खाली बस!" थोरली कडाडली. जन्मात कधी ती धाकटीवर अशी ओरडली नव्हती. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "मी बांधली."

"नीट विचार करा. मुकादमानं सांगितलं होतं का?"

थोरलीनं मुकादमाकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. "मला नाही सांगितलं," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

धाकटीनं तेव्हा ओरडायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर पोरगी आली, घराचं भाडं आलं, पोलीस आले. ती खाली बसली. स्वतःची इतकी शिसारी तिला कधीच आली नव्हती.

साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि अर्ज नामंजूर केला.

बाहेर दोघी बाकावर बसल्या. धाकटीनं विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"हात अडकला होता ना, तेव्हा चिंधी माझ्या नाकासमोरच होती. उलटी गाठ. जगात दुसरं कोण मारतं गं तशी?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझा हात गेला तो गेला. घरात आता कामाचे तुझेच दोन हात उरलेत. तेही घालवू?" थोरलीनं तोंडावर आलेले केस मान झटकून मागे टाकले. "ते जाऊ दे. वेणी सुटलीय बघ. तेवढी बांधून दे. घट्ट बांध हं, सुटता कामा नये."

धाकटीनं रिबिन घेतली. वेढा दिला, गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. बोटं ऐकतच नव्हती आणि डोळ्यांना दिसतही नव्हतं.

थोरलीनं डावा हात मागे नेला आणि चाचपडत रिबिनीचं एक टोक धरलं, रोलरवर चादरीचा कोपरा धरायची तसं.

"हं, मी धरलंय," ती म्हणाली. "ओढ आता."