होबार्टची लय

घटस्फोटात लिओटाने घर सोडलं, ट्रक सोडला, कुत्रासुद्धा सोडला. बँडमधली जागा तेवढी सोडली नाही. तिच्या नवऱ्याला, बँडच्या बँजोवाल्या होबार्टला, वाटलं होतं, तीही सुटेल. एवढं सगळं सोडणारी बाई मँडोलिन घेऊन उभं राहायची चार फूट जागा कशाला अडवून धरेल? माणूस काय सोडतो यावरून त्याचा हिशेब मांडणारे असेच फसतात.

आता होबार्टने नवी बायको केली होती, ट्विला. आणि नशीब बघा, तीही मँडोलिनच वाजवायची. सप्टेंबरच्या जत्रेत दोघींपैकी कोण, हे ठरवायला अन्सेलकाकाने शनिवारी दुपारी सगळ्यांना आगीच्या बंबखान्यात बोलावलं. अन्सेलकाका बँडचा म्होरक्या, बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, वाजवायचा. अख्खं खोरं त्याला काका म्हणे, आणि त्याच्याशी भांडायचं धाडस ज्याने त्याने एकदाच केलेलं.

"तीच चाल, तोच होबार्ट," काका म्हणाला. "दोघी एकेकदा वाजवा. मग मी सांगेन ते शेवटचं. माझ्या ओसरीवर रडायला कुणी यायचं नाही."

"आधी पाहुणीला वाजवू दे," लिओटा म्हणाली.

"मी पाहुणी नाही," ट्विला म्हणाली.

"खरंय. पाहुण्या परत जातात."

ट्विलाचा हात गोड होता, हे लिओटालाही मनातल्या मनात मान्य करावं लागलं. तिची नखी तारेवर अशी थरथरे की एकेक सूर मधासारखा ओघळत जाई. मग होबार्टची पाळी आली. तीन बोटांत नख्या घालून तो बँजोवर तुटून पडला. मँडोलिनवाल्याचं खरं काम इथे सुरू होतं. सूर काढायचे नाहीत. मधल्या ठोक्यावर तारा छेडायच्या आणि तत्क्षणी डावी बोटं सैल करायची. नुसता खट्ट आवाज निघतो. या बँडात ढोल नाही, ताशा नाही. जो काही ठेका आहे तो हा खट्ट. त्याला टाळ्या कुणी देत नाही.

होबार्ट पळू लागला. ट्विला नव्या बायकोसारखी त्याच्यामागे पळाली. शेवटच्या वळणावर त्याच्या नख्या एकमेकींत अडकल्या आणि चाल कोसळली.

"तू पुढे ओढलंस मला," तो चारचौघांत बायकोवर खेकसला.

"मी तर तुझ्या मागे होते."

"मागे राहिलीस म्हणूनच."

"पुढे ओढलं की मागे राहिली," अन्सेलकाका म्हणाला, "काय ते एक ठरव बाबा."

लिओटाला हे जुनंच होतं. होबार्ट पहिल्यापासून पळायचा. अवघड जागा आली की, चावऱ्या कुत्र्याच्या दारावरून जाणारा माणूस जसा पाय उचलतो तसा. लग्नाची सगळी वर्षं तिने आपला खट्ट खुंटीसारखा ठोकून त्याला जागेवर धरलं होतं. लोक म्हणत, होबार्ट म्हणजे घड्याळ. जेवताना तोही तेच म्हणे.

आज त्याला धरलं की जागा तिची, यात शंका नव्हती. पण मग होबार्ट घड्याळच राहणार होता. सोडलं तर चाल पडणार, आणि पडलेल्या चालीबरोबर तिची जागाही जाण्याचा संभव होता.

ती उठली. चालीच्या पहिल्या फेरीत तिने धरलं. बँजो मोत्यासारखा दाणेदार वाजला. काका मान डोलवू लागला. होबार्टने वाजवता वाजवता ट्विलाकडे पाहून भुवया उडवल्या: बघ, याला म्हणतात साथ.

दुसऱ्या फेरीत लिओटाने सोडलं. बेसूर नाही, बेताल नाही; तो गेला तशी ती गेली. तो पळाला, ती पळाली. बास धापा टाकत मागे राहिला. शेवटच्या वळणावर नख्या पुन्हा अडकल्या.

"त्याच जागी," अन्सेलकाका हळूच म्हणाला. "आणि मी समजत होतो, हा माझ्या बासवर चालतो."

"तिने मुद्दाम केलं," होबार्ट म्हणाला.

"हो," लिओटा म्हणाली. "इतकी वर्षं धरलं तेही मुद्दामच. तेव्हा कुणी विचारलं नाही."

काकाने बास भिंतीला टेकवला. "लिओटा, जागा तुझी. होबार्ट, ती धरणार असेल तर तुझीही. विचार तिला."

"मी विचारू? हिला?"

"भिंतीला विचारलंस तरी चालेल, पण भिंत मँडोलिन वाजवत नाही."

होबार्टने एकेक नखी काढून खिशात टाकली. बँजोची पेटी उचलली, दारापर्यंत गेला. ट्विला जागची हलली नाही. तिच्याकडे त्याने दोनदा पाहिलं. ती आपल्या नखीची कड अंगठ्याने चाचपत बसली होती. बाहेर जत्रेचे फलक लागलेले, त्यावर त्याचं नाव होतं. तो वळला.

"धरशील का?" तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"जत्रेत. मला धरशील का, लिओटा?"

या वेळी बंबखान्यातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"नाही," लिओटा म्हणाली, आणि उतरलेली तार लावायला बसली.