नाकावरची चूड

राजाच्या वाढदिवसाला टोंगात किनारा पेटवायची रीत. सुक्या झावळ्यांच्या चुडी बांधायच्या आणि दिवस मावळला की प्रत्येक घराने पुळणीवर आपल्या ठरल्या जागी उभं राहायचं. शेजाऱ्याची चूड पेटली की आपली पेटवायची. राजवाड्यापासून निघालेली ती ओळ गावागावांतून सरकत बेटाला वळसा घालायची. तेव्हा खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे दिसायचं ते एवढंच, पाणी आणि विस्तव.

कालोलाइनेच्या गावाचं शेवटचं टोक म्हणजे समुद्रात घुसलेलं खडकाचं नाक. त्याच्या आडून पलीकडच्या गावाला अलीकडचं काही दिसत नसे. नाकावर चूड दिसली की मगच ते आपल्या पेटवीत. ही जागा तिच्या सासरची. मागच्या वर्षी तिचा नवरा पाउलियासी तिथे भर पावसात उभा राहिला, विझणारी चूड पुन्हा पुन्हा पेटवत राहिला आणि घरी आला तो खोकतच. नाताळ काही त्याने पाहिला नाही.

या वर्षी सण आला तेव्हा कालोलाइनेचे नवऱ्यामागे कापलेले केस अजून मानेपर्यंतही आले नव्हते. अंगाभोवती सुतकाची फाटकी चटई गुंडाळून ती अंगणात तारोचे कंद सोलत बसली होती. गावकीचं बघणारा फिलिमोने कुंपणापाशी थांबला.

“वहिनी, चुडी बांधून झाल्या?”

“नाही. आणि होणारही नाहीत. सुतकातल्या घराने कसला सण करायचा?”

“सुतक घराला. राजाच्या दिवसाला कसलं सुतक?”

“राजाचा दिवस तरी आहे का हा? रेडिओवर सांगत होते, त्याची खरी तारीख पुढेच आहे. ज्या दिवशी तो जन्मलाच नाही, त्या दिवसापायी माझा माणूस गेला.”

फिलिमोनेने डोकं खाजवलं. “दिवस वाड्यावर ठरतो, वहिनी. मी नुसती दवंडी पिटतो.”

“मग पीट. नाकावर दुसऱ्या कुणाला उभं कर.”

“तुमच्या जागेवर कोण उभं राहील? मला विचारलंत तर मीही राहणार नाही.”

“मग कुणीच नका राहू. एक चूड कमी झाली तर कुणाला कळणार आहे?”

संध्याकाळी तुइफुआ आली. ती पाउलियासीची थोरली बहीण. त्या लोकांत बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांच्या वर, आणि कालोलाइनेची मुलं एरवी किती का दांडगट असेनात, आत्यासमोर मान वर करत नसत. आल्या आल्या तुइफुआने केळीच्या पानाची पुरचुंडी मांडीवर ठेवली आणि समुद्राकडे तोंड करून उंबऱ्यात बसली.

“वन्सं, तुम्हाला फिलिमोनेने पाठवलं.”

“त्या वाळक्या माशाने? त्याच्या सांगण्यावरून मी कूसही बदलणार नाही. तू बस इथे.”

बोलता बोलता उजेड गेला. आधी लांबवर एक ठिणगी दिसली, मग तिच्या बाजूला दुसरी. बघता बघता किनाऱ्याला सोन्याची किनार लागली आणि ती किनार चालत, वळत, त्यांच्या दिशेने यायला लागली. कालोलाइनेने ती बाहेरून अशी कधी पाहिलीच नव्हती. दरवर्षी ती पुळणीवर धुरात डोळे चोळत उभी असायची. आज पहिल्यांदा तिला सगळी ओळ एकदम दिसली. बेटच कुणीतरी कडेने धरून उचलत असावं, तसं वाटलं.

ओळ गावात शिरली. चर्च, फिलिमोनेचं घर, शेजारची पुळण. आणि नाकाशी येऊन थांबली.

पलीकडे काळोख. अलीकडे पेटता किनारा. कुणी हाक मारली नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. सगळे नुसते चुडी धरून उभे राहिले.

“थांबले का हे?” कालोलाइने म्हणाली. “ओलांडून जायचं की पुढे.”

“कुणाला ओलांडून?”

तुइफुआने पुरचुंडी सोडली. आत नारळाच्या पाकातले उंडे होते.

“आज मी केले नाहीत,” कालोलाइने हळूच म्हणाली. “दरवर्षी हे याच रात्री मागायचे. मी म्हणायची, सणाचं डुक्कर खाऊन पोट भरत नाही का तुमचं?”

“आमच्या आईला आम्ही नऊ पोरं. कोण कधी झालं, ते तिला वादळांवरून आठवायचं. पाउलियासीचं वादळ काही तिला आठवेना. मग लहानपणी एकदा तो बापाबरोबर नाकावर गेला, चूड पेटवली आणि घरी येऊन म्हणाला, आज मी एका वर्षाने मोठा झालो, गोड करा. तेव्हापासून हे उंडे.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“लाजायचा. राजाचा वाढदिवस चोरला म्हणशील, म्हणून.” तुइफुआ हसली, मग डोळे पुसले. “राजाला आईने दिला तो खरा दिवस त्याचा घरचा. तो त्याने आईपाशी ठेवावा. हा सगळ्यांत वाटायचा दिवस, म्हणून तर उघड्यावर, चारचौघांत करायचा. तुझ्या नवऱ्याने आपला वाटा घेतला, एवढंच.”

कालोलाइने उठली. नवी चूड बांधलेली नव्हती. पण स्वयंपाकाच्या खोपटात आढ्याला एक लटकत होती, धुराने काळी पडलेली, हाडासारखी खडखडीत. आजारपणात एका उन्हाच्या दिवशी पाउलियासीने ती बांधली होती. पुढच्या वर्षी ओली नको, म्हणाला होता. तिने तिला वर्षभर हात लावला नव्हता.

ती चूड काढून, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन कालोलाइने पुळणीवरून चालू लागली, मागून धापा टाकत तुइफुआ. ती जवळ आली तसे लोक न बोलता बाजूला सरत. फिलिमोनेची चूड जळत हाताशी आली होती, तरी त्याने ती टाकली नव्हती.

नाकावर वारा होता. चूड एका दमात पेटली. तिने ती डोक्यावर धरली.

पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं काळं पाणी. मग त्या काळोखात, ती ज्यांना ओळखतही नव्हती अशा कुणीतरी, एक चूड पेटवली. तिच्यापुढे दुसरी, तिसरी, आणि खाडीच्या वळणावळणाने ती किनार धावत सुटली, जणू इतका वेळ श्वास रोखून धरला होता.

“वन्सं,” कालोलाइने म्हणाली, “हे सगळे माझ्यासाठी थांबले होते?”

“हात लांब धर आधी. उरलेत तेवढे तरी केस राहू देत.”

तिने हात लांब धरला. शेवटची ठिणगी माडांआड जाईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या. मग कालोलाइने म्हणाली, “चला, उंडे गार होतील.”