चिखलातलं शीड

विद्युल्लताबाई वर्गात साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करायच्या, पण वडिलांपुढे त्यांची दातखीळ बसायची. म्हणून तर १९८८च्या त्या पौर्णिमेला भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारी सरळ एस.टी. सोडून त्या भरदुपारी अंजूरच्या काठावरून चिंधूच्या शिडाच्या होडीत बसल्या. स्टँडवर सगळे ओळखीचे! खाडीपलीकडे रामदास थांबला होता. आज ठाण्याच्या कचेरीत दोघांचं नोंदणी लग्न. रामदास बौद्ध, बाई ब्राह्मण, आणि घरी कुणाला पत्ता नाही. "नाही आलीस तर नकारच समजेन, पुन्हा विचारणार नाही," असं त्यानं बजावलं होतं.

होडी सुटली न सुटली तोच बांधावर अण्णा दिसले. बाईंचे वडील! कुणा गोदामवाल्याला जमीन दाखवत होते.

"चिंधू, तिवरांत घाल होडी!"

"बाई, ओहोटी लागलीय. तिथं पानी ऱ्हायाचं न्हाय."

"घाल म्हणते ना!"

मास्तरणीपुढे चिंधू काय बोलणार? त्यानं शीड उतरवलं, होडी झाडीत घुसवली, नांगर टाकला. अण्णांच्या गप्पा काही संपेनात मेल्या! आणि पौर्णिमेचं पाणी ते, चढतं तसंच भराभर उतरतं. तासाभरात होडी चिखलावर बसली.

"आता रातच्या भरतीबिगर सुटका न्हाय," चिंधू म्हणाला. "अन् खाली उतरू नका, कमरेपर्यंत जाल."

बाईंना रडूच फुटलं. स्वतःच्या भित्रेपणाचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. फांद्यांच्या फटीतून पलीकडचा पांढरा सदरा दिसत होता. दोन वाजले, तीन वाजले. सदरा येरझाऱ्या घालत होता. मग तो पाठ फिरवून चालू लागला.

"चिंधू, शीड चढव."

"चिखलात? अन् अण्णा हायेत ना बांधावर!"

"असू देत. चढव!"

शीड तिवरांच्या वर गेलं. बाई फळीवर चढल्या आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "रामदास! आलेय मी! अडकलेय इथं!"

वारा पलीकडेच वाहत होता. सदरा थांबला, वळला, त्यानं हात उंच केला.

"विद्या?" मागून अण्णांचा आवाज आला. ते धोतर सावरत चिखलात उतरू लागले होते.

"अण्णा, उतरू नका, रुताल!" बाई म्हणाल्या. "मी लग्नाला निघालेय. काय बोलायचं ते तिथूनच बोला. रात्रीपर्यंत मला कुठंच जाता येणार नाही."