अस्वलीच्या मुळावरचे हिवाळे

सव्वीस वर्षं मी अमेरिकेत, मोंटानातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत शिकारी लोकांनी पाठवलेल्या दातांवरून जनावरांची वयं सांगते. माझ्यासारखी नजर या खोऱ्यात दुसऱ्या कुणाची नाही. दुसऱ्याने कौतुक करायची वाट बघत बसणं मला जमत नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

काम तसं सरळ. दात आम्लात मऊ करायचा, मुळाचा पातळ काप काढायचा, निळ्या रंगात बुडवायचा. मुळावर दरवर्षी नवा थर चढतो. उन्हाळ्यात रुंद, हिवाळ्यात नुसती गडद रेघ. रेघा मोजल्या की वय कळतं. जन्माचा हिवाळा तेवढा सापडत नाही, कारण तेव्हा मूळच बनलेलं नसतं.

माझी लेक जोएल दोन वर्षं माझ्या शेजारी बसून हे शिकली. त्या शुक्रवारी तिची परीक्षा होती. आमची रीत कडक आहे. ज्याचं खरं वय नोंदलेलं आहे अशा जनावराचा दात घ्यायचा, दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि चिठ्ठ्या पालथ्या ठेवायच्या. ती चुकली, तर सोमवारी तिच्या जागी बाहेरचा माणूस येणार होता.

दात अस्वलीचा होता, सुळ्यामागचा, तांदळाएवढा. मी पाच मिनिटांत मोजून मोकळी झाले. जोएल मात्र भिंगावरून डोळा काढेना.

"अगं, मोजतेयस की अंडी उबवतेयस?" मी म्हटलं.

"आई, गप बस ना जरा."

आमचा साहेब, रस केटलसन, याने चिठ्ठ्या उलटल्या. माझ्या चिठ्ठीवर वय बारा, तिच्या चिठ्ठीवर चौदा. पोरगी गेली कामातून!

"दुहेरी रेघ एकच धरायची, हे कितीदा घोकून घेतलं तुझ्याकडून?" मी ओरडलेच.

"ते एल्क हरणांचं, आई. महिनाभर तू एल्कचेच दात बघतेयस, म्हणून तुला सगळीकडे एल्कच दिसतात." ती मागे हटली नाही. "ही अस्वली आहे. पिल्लं अंगावर पीत असतात त्या वर्षी आईच्या मुळावर थर अगदी बारीक चढतो. रेघा चिकटल्यासारख्या दिसतात, पण वर्षं वेगळी असतात."

रसने खऱ्या वयाच्या नोंदीचं पाकीट फोडलं. अस्वली नुकतं जन्मलेलं पिल्लू होती, तेव्हाच गुहेत तिच्या कानाला बिल्ला लावला होता, त्यामुळे जन्माचं वर्ष पक्कं होतं. वय चौदा.

"व्हर्ना, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच चुकलीस गं!" रस हसला.

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. दोन ठिकाणी केसाएवढे थर, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ, वेगळ्या रेघा. त्या बाईने पिल्लं वाढवली ती दोन वर्षं मीच तिच्या आयुष्यातून पुसून टाकली होती, आणि मी स्वतः दोन लेकरांची आई! लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

अहवालावर मोजणाऱ्यांची नावं लिहायची असतात. इतकी वर्षं वरचं नाव माझंच असायचं. मी पेन उचललं आणि वर लिहिलं, जोएल.

"आडनाव पण लिही," ती म्हणाली. "सगळ्यांना कळू दे मी कुणाची ते."