उठू नका, कमळूकाका

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनीच खुर्ची आहे, पण तुमच्या शाळेतल्या खुर्चीसारखी नाही. मला चार पाय नाहीत. एकच जाडजूड लोखंडी पाय आहे आणि तो खालच्या पत्र्याला बोल्टांनी आवळलेला आहे. पाहुणा म्हणून माझ्यावर बसून कुणी कधी चहा घेतला नाही. माझ्यावर बसून माणसांनी मालगाड्या चालवल्या. हे सांगताना मी जरा फुशारते, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, काथ्याची गादी आणि वर हिरवं रेक्झिन. ज्या कारागिराने मला शिवलं, तो काम संपल्यावर स्वतः माझ्यावर बसला, डावीउजवीकडे हलून पाहिलं आणि म्हणाला, "चांगली झाली. माणसाची पाठ दुखणार नाही, आणि तो झोपणारही नाही." एवढी मोठी शाबासकी मला पुढे फारशी मिळाली नाही. मग मला एका इंजिनात खिडकीपाशी बसवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

कल्याणहून निघायचं, आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकत कसाऱ्याचा घाट चढायचा आणि परत खाली यायचं. मागच्या डब्यांत कधी सिमेंट, कधी कोळसा, कधी नाशिककडचा कांदा. कांद्याची गाडी असली की माझ्या रेक्झिनलाही वास लागायचा आणि पुसूनही जायचा नाही.

तेव्हा गाडीचा सगळा कारभार रुळाकडेच्या सिग्नलच्या खांबांवर चालायचा. खांबावरचा दिवा दिसला की ड्रायव्हर हात लांब करून मोठ्याने म्हणायचा, "हिरवा." शेजारच्या स्टुलावरचा त्याचा सहायक तोच दिवा बघून म्हणायचा, "हिरवा." दोघांनी उच्चारल्याशिवाय दिवा पाहिला असं धरायचंच नाही, अशी त्यांची रीत. एकाने चुकून पिवळ्याला हिरवा म्हटलं तर दुसरा तिथल्या तिथे टोकणार. आणि वळणावर झाडी आड आली की ड्रायव्हर माझ्यावरून अर्धवट उठायचा, मान लांब करून खांब शोधायचा आणि मग धपकन खाली बसायचा. माझ्या स्प्रिंगा कुरकुरायला लागल्या त्या या उठण्याबसण्यामुळेच.

पुढे इंजिन म्हातारं होऊन मोडीत निघालं. मला काढून शेडच्या मागे टाकून दिलं. तिथे एका मांजरीने माझा काथ्या उपसून त्यात पिल्लं घातली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, पिल्लं उबेला होती तोवर मला बरं वाटलं. ती मोठी होऊन निघून गेली आणि मी उन्हापावसात नुसती पडून राहिले. आपली आता कुणाला गरज नाही, असं रोज सकाळी वाटणं फार वाईट असतं.

मग एके दिवशी दोन माणसं आली, मला झटकून त्यांनी टेम्पोत टाकलं आणि आसनगावला आणलं.

तिथे मालगाडीच्या माणसांसाठी एक प्रशिक्षणवर्ग निघाला होता, कारण रेल्वेत सिग्नलची नवी पद्धत येत होती. आता सिग्नल इंजिनातच दिसणार होता. ड्रायव्हरच्या पुढ्यात एक स्क्रीन, त्यावर पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही, किती वेगाने जायचं, सगळं उमटणार. स्क्रीनने टुंग केलं की ड्रायव्हरने ते बघायचं आणि 'बघितलं' म्हणून बटण दाबायचं. बटण दाबायला उशीर झाला तर गाडी आपणहून ब्रेक लावणार. धुक्यात, झाडीत, पावसात, कुठेच फसगत होऊ नये म्हणून केलेली ही चांगली सोय होती. वर्गात इंजिनाची खोटी केबिन बांधली होती आणि समोरच्या भिंतीवर धावत्या रुळांचं चित्र दिसायचं. सगळं खोटं असलं तरी बसायला खरी खुर्ची हवी, असा हट्ट शिकवणाऱ्या दर्शनाने धरला होता. म्हणून माझं नशीब उघडलं. मला नवं रेक्झिन मिळालं, आणि पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर टेकल्या टेकल्या म्हणाला, "हां, ही आपली."

दर्शना शहापूरची. आधी ती मालगाडीवर सहायक होती, मग परीक्षा देऊन शिक्षिका झाली. तिचं शिकवणं स्वच्छ होतं आणि आवाज खणखणीत. भराभर माणसं येत होती, शिकत होती, पास होऊन जात होती.

अडला तो कमळू भला नावाचा ड्रायव्हर.

कमळू वैशाखऱ्याचा, मुरबाडच्या पुढे माळशेजच्या वाटेवरचा. आख्ख्या मुरबाड तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, आणि हा गडी रेल्वेचा ड्रायव्हर झालेला. गावात त्याचं केवढं कौतुक होतं. तो कधी माझ्या इंजिनावर होता की नाही, मला सांगता यायचं नाही, कारण किती पाठी टेकल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्याची बसण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. आधी हात ठेवायचा, मग सावकाश भार टाकायचा. मला तो बसताक्षणीच आवडला.

मित्रांनो, खुर्चीला माणसाचं तोंड दिसत नाही, पण पाठ कळते. कमळूची पाठ हुशार होती. ब्रेक, चढ, डब्यांचा धक्का, सगळं तिला आधीच समजायचं. फक्त भिंतीवरच्या चित्रात वळण आलं की तो माझ्यावरून उठायचा आणि खिडकीबाहेर खांब शोधायचा. बाहेर खांब नसायचाच. तेवढ्यात इकडे स्क्रीन टुंग करायची, बटण राहून जायचं आणि खोटी गाडी कचकन थांबायची.

"उठू नका, कमळूकाका," दर्शना म्हणायची.

"मी काय मुद्दाम उठतो का गो? अंगच उठतं."

एकदा तो परीक्षेत नापास झाला होता. आणखी एकच संधी होती. ती हुकली तर त्याला लाइनीवरून काढून यार्डातल्या इंजिनावर देणार होते. कामाला तेही काही कमी नाही, पण कमळूच्या जिवाला ते लागलं होतं.

"यार्डात गाडी कुठं जात नाय," तो म्हणाला. "पुढं जाती आन् मागं येती. मी घाट चढवनारा मानूस, दर्शना. मला निवृत्तीपरेंत घाट पायजे."

दर्शनालाही ते मनापासून हवं होतं, म्हणूनच तिचा तोल गेला. त्या दिवशी तो पुन्हा वळणावर उठला, तशी तिने पुढे वाकून त्याच्याऐवजी स्वतः बटण दाबलं. "असं करायचं. झालं. इतकं सोपं आहे."

कमळू खाली बसला. एरवी सावकाश भार टाकणारा माणूस तांदळाच्या पोत्यासारखा बसला. "मंग तूच दे परीक्षा माझ्या जागी," असं हसून म्हणाला आणि हात धुवायला बाहेर गेला. तो हसला ते दर्शनाने पाहिलं असेल. त्याची पाठ कशी खचली ते माझ्यापर्यंत पोहोचलं, आणि मला फार वाईट वाटलं.

कमळूची बायको बाईजा त्या दिवशी शहापूरच्या बाजाराला आली होती आणि नवऱ्याबरोबर परत जायला वर्गाच्या दाराशी थांबली होती. दर्शनाने तिला आत बोलावलं.

"काकी, घरी कसे आहेत हो ते?"

"काय सांगू गो. जीपमदी बी उठतात. मुरबाडच्या रस्त्याला वळण आलं का ह्ये अर्धे उभे. डोकं टपाला आपटतं. मी म्हनते बसा, तर म्हनतात खांब बघतो. तिथं कुठला आलाय खांब?"

दर्शना खूप हसली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काकी, मी नवी होते ना, तेव्हा काकांच्याच गाडीवर सहायक होते. इंजिनाच्या आवाजात माझा आवाज फुटायचा नाही. दिवा दिसायचा, पण 'हिरवा' तोंडातून निघायचं नाही. काका माझ्याऐवजी कधी बोलले नाहीत. आपला हात तसाच लांब धरून थांबायचे, माझा शब्द येईपर्यंत."

"मंग तू का थांबत नायस?" बाईजाने सहज विचारलं.

कमळू परत आला तेव्हा ती नेहमीसारखी त्याच्या मागे उभी नव्हती. सहायकाच्या स्टुलावर जाऊन बसली होती.

"काका, आता खिडकीला नाही, स्क्रीनला हात करा. वेग दिसेल तो मोठ्याने बोला. मी जोडीला आहे."

कमळूला ते जरा पोरकट वाटलं. पण स्क्रीन टुंग करताच त्याचा हात लांब झाला. "साठ."

"साठ," दर्शना म्हणाली.

आणि त्याच हाताने बटण दाबलं गेलं.

लगेच सगळं जमलं असं मात्र नाही. तो पुन्हा उठलाच, पुन्हा गाडी थांबलीच. पण आता दर्शना बटणाला हात लावत नव्हती. थांबायची. घरीही शिकवणी सुरू झाली. "सांजच्याला ओट्यावर बसतो," कमळू सांगायचा. "बाईजा सुपात तांदूळ पाखडता पाखडता मला 'चाळीस' म्हनते. मी बी हात करून 'चाळीस'. शेजारपाजारचे बघतात, म्हनतात कमळूला काय झालं." हळूहळू त्याचं उठणं कमी झालं. माझ्या स्प्रिंगा दिवसचे दिवस गप्प राहू लागल्या.

परीक्षेच्या दिवशी एक साहेब आले. केस पिकलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी दर्शनाला बाहेर थांबायला सांगितलं. त्यांचा नियमच तसा होता. केबिनमध्ये बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून साहेब सहायकाच्या स्टुलावर बसले.

"करा सुरू."

गाडी निघाली. पहिलं टुंग झालं. कमळूने हात लांब केला. "साठ."

उत्तर आलं नाही. साहेब समोर बघत होते. कमळूचं बोट बटणापाशी नुसतं राहिलं. मला कळत होतं, त्याच्या मांड्या ताठ होत होत्या. भिंतीवरच्या चित्रात खर्डीच्या पुढचं वळण येत होतं, झाडी जवळ येत होती. अंग जुनी वाट धरायला निघालं होतं. मी मनात म्हणत होते, उठू नको रे, बाबा, उठू नको. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

कमळूने पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी हळू, "साठ."

"साठ," शेजारून आवाज आला.

साहेब बोलले होते. बोलल्यावर ते स्वतःच दचकले. तेही कधीकाळी मालगाडीवर सहायक होते, आणि ड्रायव्हरने हात करून काही म्हटलं की उत्तर द्यायचं, हे त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नव्हतं. कमळूने बटण दाबलं. त्याचा सगळा भार माझ्यावर परत आला.

साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "ठीक आहे. गाडीवर जोडीदार असतोच." मग घाट संपेपर्यंत एक जण म्हणत होता आणि दुसरा उत्तर देत होता. कमळू एकदाही उठला नाही. पलीकडे इगतपुरीत गाडी थांबली तेव्हा साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि हलवला.

दर्शनाने दारातून दोघांचे चेहरे पाहिले आणि ती रडली. कमळू तिला म्हणाला, "रडू नको गो. चल, बाईजाला फोन लावून दे." मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला.

आता कमळू घाट चढवतो. मी इथेच आहे, रोज नव्या पाठी येतात. तुम्हाला मी एवढंच सांगेन. तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस कधी तरी मोबाइल घेऊन तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, हे कसं करायचं ते दाखव. तेव्हा मोबाइल हातातून काढून घेऊन स्वतःच भराभर करून देऊ नका. ते चुकतील, पुन्हा तेच विचारतील. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचं बोट बटणापर्यंत पोहोचेस्तोवर थांबा. मला कुणाच्या शेजारी जाऊन बसता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं.